आखाजीच्या बारात शार्क

लोणपाडं आणि आंबोडं या दोन गावांच्या मधून जी नदी जाते ती वर्षातले आठ महिने वाहत नाही, नुसती असते. वैशाखात तर पाणी घोट्याला लागलं तर लागलं, नाहीतर म्हशीच्या खुराच्या खड्ड्यात शोधायचं. तरीही आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, दुसऱ्या दिवशी दोन्ही गावच्या बायका गौराया घेऊन दोन काठांवर अशा उभ्या राहतात, जसा काही मध्ये समुद्र आहे. आणि मग बार सुरू होतो.

बार म्हणजे या काठाने त्या काठाचा उद्धार करायचा आणि त्या काठाने व्याजासकट परत करायचा. त्यालाही रीतभात आहे. कुणाचं नाव घ्यायचं नाही, मेलेल्या माणसाला मध्ये ओढायचं नाही, बोलायचं ते गावाला. जो काठ आधी गप्प पडेल तो हरला. हरलेल्यांची गौराई मागून पाण्यात जाते, आणि पुढचं वर्षभर शिरपूरच्या एसटीत त्या गावच्या बाईला कुणी सरकून जागा देत नाही. पुरुष लांब बांधावर निंबाच्या सावलीत बसतात आणि त्यांना काहीही ऐकू येत नसतं. तसा रिवाजच आहे. कान त्या दिवशी घरी ठेवून यायचे. आणि सगळ्यात मोठा नियम हा, की नदीतलं नदीत. तिथे जे बोललं गेलं ते पाण्याबरोबर गेलं, घरी न्यायचं नाही. पाणीच नसतं, हा भाग वेगळा.

मोहिनीची पंचाईत अशी, की तिचं माहेर आंबोडं आणि सासर लोणपाडं. आखाजीला पोरी माहेरी येतात, त्यामुळे बाराच्या दिवशी ती आपोआप सासरच्या विरोधात उभी राहायची. पहिली दोन वर्षं ती मागच्या रांगेत हसून वेळ मारून न्यायची. कारण पलीकडे लोणपाड्याची जीभ म्हणून जी बाई सगळ्यात पुढे उभी असायची, ती तिची सासू होती. शेवंताबाई. शेवंताबाई घरात दिवसाला मोजून चार वाक्यं बोलायची. लोक म्हणत, ती बाकीची आखाजीसाठी साठवते.

आंबोड्याची जीभ होती बेबाबाई, मोहिनीची काकू. पण यंदा बेबाबाईचा आवाजच गेला. झालं असं, की चैत्रात पुतण्याच्या हळदीला डीजेवाल्याने आवाज मोठा केला. बेबाबाई त्याला सांगायला गेली, की कमी कर. त्याला ऐकू आलं नाही. तिने अजून जोरात सांगितलं. त्याला वाटलं म्हातारीला गाणं आवडलं, त्याने अजून वाढवला. माघार घेणं बेबाबाईच्या रक्तात नाही. शेवटी वीज गेली आणि डीजे थांबला, तेव्हा अख्ख्या मांडवाला कळलं की बेबाबाईचे ओठ हलताहेत आणि आतून नुसती हवा येते आहे. डॉक्टरांनी सांगितलं, पावसाळ्यापर्यंत एक शब्द काढायचा नाही. घरच्यांनी डॉक्टरांना पेढे दिले.

आता बोलणार कोण? बायकांची बैठक बसली. बेबाबाईने सगळ्यांवरून नजर फिरवली आणि बोट मोहिनीवर ठेवलं. मोहिनी म्हणाली, मला शिव्या येत नाहीत. त्यावर एक जण म्हणाली, एमएस्सी झालेली बाई आणि येत नाहीत म्हणते, मग धुळ्याला इतकी वर्षं केलं काय? दुसरीने सांगितलं, यावलच्या कॉलेजात हिला बोलायचाच पगार मिळणार आहे, एक दिवस फुकट बोलली तर काय बिघडतं.

यावल हे मोहिनीचं वेगळंच दुखणं होतं. तिथल्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायची नोकरी तिला लागली होती, जूनमध्ये हजर व्हायचं होतं. रोज जाऊन येण्यासारखं अंतर नव्हतं. सोमवार ते शनिवार तिकडे खोली करून राहायचं आणि शनिवारी संध्याकाळी घरी यायचं, असा तिचा बेत होता. कुंदन, तिचा नवरा, हायवेवर सोनगीरच्या अलीकडे पेट्रोल पंपावर मॅनेजर होता. तो म्हणाला, आई म्हणेल तसं. आई काही म्हणालीच नाही. महिनाभर मोहिनीने वाट पाहिली, शेवटी थेट विचारलं, तेव्हा शेवंताबाईने त्या दिवसातलं चौथं वाक्य खर्च केलं. "आखाजी होऊ दे. मंग सांगसू."

आणि आता आखाजीलाच तिच्या तोंडाला तोंड द्यायचं. नदीतलं नदीत हे खरं, पण नियम हा नियम असतो आणि सासू ही सासू असते.

बाराच्या दिवशी ऊन कलल्यावर दोन्ही काठ भरले. मोहिनीला सगळ्यात पुढे ढकललं गेलं. मागे बेबाबाई उभी, नुसते हातवारे करत. तिचे काही हातवारे असे होते की त्यांना भाषांतराची गरज नव्हती. पलीकडे शेवंताबाई कमरेवर हात ठेवून, डोळ्यांवर मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतरचा काळा चष्मा. बांधावर कुंदन ड्यूटीवरून थेट पंपाच्या गणवेशातच आला होता. बायको आणि आई या दोघींच्या बरोबर मध्ये बसायला मिळेल अशी जागा त्याने शोधली होती.

मोहिनीने घसा खाकरला आणि सुरुवात केली. म्हणाली, तुमच्या गावच्या वरणात पाणी फार असतं.

पलीकडे बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. शेवंताबाईने मान वळवायचेही कष्ट घेतले नाहीत. "तुमना गावमा डाय तरी शे का वं?"

आंबोड्यात डाळच नाही म्हटल्यावर लोणपाडं खदखदून हसलं. बेबाबाईने कपाळावर हात मारला, आणि तो आवाज मात्र स्पष्ट आला. मोहिनीने अजून एक प्रयत्न केला, लोणपाड्याच्या वांग्याच्या भरताला नावं ठेवली. तेही उलटून आलं. वर तिच्याच काठावरची एक म्हातारी म्हणाली, की भरीत त्यांचं खरंच चांगलं असतं. मोहिनीच्या डोक्यात एकही शब्द उरला नाही. आणि माणसाच्या डोक्यात काहीच उरत नाही तेव्हा जे पाठ असतं ते बाहेर पडतं.

मोहिनीला एकच गोष्ट पाठ होती. एमएस्सीच्या शेवटच्या वर्षाला सरांनी विषयांच्या चिठ्ठ्या टाकल्या होत्या. कुणाला कापसावरची बोंडअळी आली, कुणाला तापीतला कटला मासा. मोहिनीच्या चिठ्ठीत निघालं, ग्रीनलंड शार्क आणि रिंग्ड सील यांचा तुलनात्मक अभ्यास. खान्देशात समुद्र म्हणजे उन्हाळ्यात डांबरी रस्त्यावर लांबून चमकतो तेवढाच. पण मोहिनीने तो विषय इतका घोकला, की झोपेतून उठवलं तरी ती पहिल्या स्लाइडपासून सुरू व्हायची. माघात शेवंताबाईचं दोन्ही डोळ्यांचं ऑपरेशन झालं, तेव्हा डोळ्यांवर पट्टी आणि टीव्ही बंद. "काहीबी वाच, पन वाच," म्हणून तिने सुनेला बसवून घेतलं. मोहिनीने जवळ होतं तेच वाचलं. शार्क आणि सील, सकाळ-संध्याकाळ. सासू अधूनमधून "हं" करायची आणि घोरायची. मोहिनीला वाटायचं, झोपेची गोळी म्हणून उपयोग होतो आहे, होऊ दे.

तर ती आता वैशाखाच्या उन्हात हात वर करून ओरडली, "तुमचं लोणपाडं म्हणजे ग्रीनलंडची शार्क आहे!"

दोन्ही काठ गार पडले. बांधावर उखर्डू नानांनी, कान घरी ठेवलेले असूनही, शेजाऱ्याला विचारलं की हा मासा सोनगीरच्या बाजारात येतो का.

मोहिनीला मात्र पायाखाली जमीन सापडली. ती सांगत सुटली. खोल समुद्रात, थंड काळोखात ही शार्क पडून असते. पोहते इतकी हळू, की रांगतं पोर तिच्या पुढे जाईल. लग्नाच्या वयाची व्हायला तिला दीडशे वर्षं लागतात. लोणपाड्याच्या पोरींची लग्नं का रखडतात ते आता कळलं का? आणि तिचं ताजं मांस कुणी खाल्लं तर दारू न पिता झिंगतो, आणि त्या मांसाला वास येतो तो मुताचा.

हा शेवटचा शब्द पडला आणि आंबोड्याच्या काठावर जीव आला. हा शब्द त्यांना समजत होता. बायकांनी टाळ्या पिटल्या. बेबाबाईने आनंदाने पुढच्या बाईच्या पाठीत गुद्दा घातला. मोहिनीला मागून हुरूप मिळत होता आणि पुढे स्लाइड सरकत होत्या. वेग झाला, वय झालं, मांस झालं. त्यानंतरची स्लाइड होती डोळे.

"आणि तिच्या डोळ्याला किडा लटकलेला असतो!" मोहिनी म्हणाली. "जन्मभर! दिसत काही नाही, तरी चालली आपली तोऱ्यात!"

कुणी टाळी वाजवली नाही.

मोहिनीने पाहिलं, की दोन्ही काठ एकाच जागी बघताहेत. काळ्या चष्म्याकडे. तेव्हा तिला कळलं आपण काय बोललो. नाव घेतलं नव्हतं, गावालाच बोलली होती, नियम कुठेच मोडला नव्हता. पण ऑपरेशननंतर सासूला एका डोळ्याने अजून नीट दिसत नव्हतं, आणि दोन्ही डोळ्यांत दिवसातून तीनदा थेंब टाकायचं काम मोहिनीकडेच होतं. पाठांतराचा हाच तोटा. गाडी घाटातून सुटल्यासारखी सुटते आणि मध्ये कोण उभं आहे हे गाडीला दिसत नाही.

यावल गेलं, एवढंच तिच्या मनात आलं.

शेवंताबाईने सावकाश चष्मा काढला. पदराने पुसला. परत घातला. वारा पडला होता, आणि नदीच्या रेतीत एक बगळा एकाच पायावर उभा होता. दुसरा खाली ठेवावा की नाही, हे त्यालाही ठरवता येत नसावं.

"किडा शे ना?" शेवंताबाई म्हणाली. आवाज शांत. "राहू दे. त्या किडासंगेच ती चारशे वरीस जगस. आन खाले अंधारमा काय खास? झोपेल सीलले गिळस."

मोहिनीचं तोंड उघडं राहिलं. झोपलेली सील सहाव्या स्लाइडवर होती.

शेवंताबाई मग बोलायला लागली, आणि वर्षाची शिल्लक बाहेर आली. आंबोडं म्हणजे ती सील, कडीवाली. अंगावर नक्षीची कडी आणि आत नुसती चरबी. बर्फावर लोळायचं, मासे गिळायचे, आणि मिरवायचं असं की समुद्र हिच्या बापाने खोदला. पण पाण्यात राहून पाण्यात श्वास घेता येत नाही. घडीघडी वर यायचं, नाक काढायचं, परत बुडी मारायची. अशी पाहुणी समुद्राला काय कामाची? लोणपाड्याच्या बायकांना यातलं अर्धं समजलं नव्हतं, पण सूर समजत होता. प्रत्येक वाक्याला त्या "हा हा" करून उठत होत्या. आणि शेवंताबाई रंगात आली.

"आन त्या सीलना नर!" ती म्हणाली. "हंगाम उना का त्याना अंगले पेट्रोलना वास येस!"

हेही खरं होतं. नववी स्लाइड. पण खरं असणं आणि सांगण्यासारखं असणं यात फरक असतो. आंबोड्याच्या काठावरची सील कोण हे आता सगळ्यांना माहीत होतं, आणि त्या सीलचा नर बांधावर पंपाच्या गणवेशात बसला होता. दोन गावांच्या माना एकाच वेळी वळल्या. ज्याला काही ऐकू येत नव्हतं त्या कुंदनने हळूच बाही नाकाला लावली.

"अवं, तो तं तुमनाच पोऱ्या शे!" आंबोड्याकडून कुणीतरी ओरडलं.

मग काय विचारता. दोन्ही काठ हसत सुटले. बायकांना गौराया खाली ठेवाव्या लागल्या. उखर्डू नाना कुंदनपासून थोडे सरकून बसले. शेवंताबाईच्या चष्म्याखाली ओठ एकदा हलला, तेवढाच. हसू ओसरेपर्यंत ती थांबली. मग घोट्याएवढ्या पाण्यात दोन पावलं पुढे आली आणि आवाज खाली आणून विचारलं, जसं ती चुलीपाशी विचारायची.

"मंग सांग. बरफ जमना का सील काय करस?"

"नखांनी भोक पाडून ठेवते," मोहिनी म्हणाली. "श्वासापुरतं. जमलं की खरवडते. परत जमलं की परत."

"आन कटाया करा ते?"

"कंटाळा केला तर मरते, आत्याबाई."

"शार्कले?"

"तिला नाही लागत भोक. ती खालीच राहू शकते. कायम."

"हं," शेवंताबाई म्हणाली. तोच माघातला हं. "मंग सीलले दर शनवारले वर येनं पडी. पहिलेच सांगी ठेवस. भोक मी राखसू, पन येनं तिनं."

दोन्ही गावांना यातलं काही समजलं नाही. त्यांना वाटलं, हाही मुताच्या वासासारखाच काहीतरी गुण असेल. मोहिनीला समजलं. बार चालू आहे, आपली पाळी आहे, समोरचा काठ वाट बघतो आहे, हे सगळं ती विसरून गेली. ती नुसती उभी राहिली.

लोणपाड्याने ओळखलं, की आंबोडं गप्प पडलं. जिंकल्याचा गलका सुरू होणार, तेवढ्यात मागून, चैत्रापासून बंद पडलेल्या विहिरीचा पंप सुरू व्हावा तसा आवाज आला.

"बोल ना वं, रांडे!"

बेबाबाईचा आवाज परत आला होता. एवढाच आला आणि पुन्हा गेला. पण तेवढ्यात काम झालं होतं, किंवा झालं नव्हतं, यावरून जुंपली. आंबोड्याचं म्हणणं, आमच्या काठावरून शब्द निघाला, मग आम्ही गप्प कसे? लोणपाड्याचं म्हणणं, तो शब्द तुम्ही आपल्याच पोरीला दिला, बारात शिवी पाण्यापलीकडे जावी लागते. आंबोडं म्हणालं, पोरगी तर तुमची सून आहे, म्हणजे शिवी तुमच्याच घरात पडली. हा मुद्दा बिनतोड होता. शेवटी कुणीतरी म्हणालं, पुरुषांना विचारा, बांधावर बसलेत. बायका बांधाकडे वळल्या. पुरुषांची मोठी पंचाईत झाली. निकाल द्यायचा तर ऐकलं होतं हे कबूल करावं लागणार, आणि ऐकलं होतं हे कबूल केलं तर रात्री घरी जायचं होतं. उखर्डू नाना कानाला हात लावून म्हणाले, काय झालं बाई, आम्हाला काही ऐकू आलं नाही.

निकाल लागला नाही. दिवस बुडायला आला, तेव्हा दोन्ही गावांनी आपापल्या गौराया एकाच वेळी पाण्यात उतरवल्या. म्हाताऱ्या म्हणाल्या, असं कधी झालं नव्हतं. पाणी इतकं कमी, की दोन्ही गौराया एकमेकींना टेकूनच बसल्या.

माहेरपण संपवून मोहिनी लोणपाड्याला आली. सासू बाहेर बाजेवर पडली होती. मोहिनीने पिशवी ठेवली, हात धुतले आणि थेंबांची बाटली आणली. चष्मा बाजूला केला. शेवंताबाईने डोळा ताणून वर पाहिलं.

"किडा दिसस का?"

"नदीतलं नदीत, आत्याबाई," ती म्हणाली.

"बरं. मंग मी नदीमा जे सांगं, तेबी नदीमाच."

थेंब गालावर पडला. मोहिनीने तो पदराने टिपला, टिपायला लागतो त्यापेक्षा जास्त वेळ. हिशेब सरळ होता. नियम पाळायचा तर किडाही नदीत राहतो आणि शनिवारही. शनिवार घरी आणायचा तर किडाही बरोबर आणावा लागणार. एकाच पिशवीत होते दोघं.

"मग मी घरी आणते," मोहिनी म्हणाली. "ते मी गावाला म्हणाले होते, आत्याबाई. पाठ होतं म्हणून तोंडातून गेलं, पण लागलं तुम्हालाच. चुकलं माझं."

शेवंताबाईने बोटाने पापणी खाली ओढून धरली. मोहिनीने दुसरा थेंब टाकला, तो बरोबर पडला.

"आते कसं," शेवंताबाई म्हणाली. "यावलनी शनवारनी गाडी किती वाजता शे?"

मोहिनीने सांगितलं. तेवढ्यात कुंदन न्हाणीतून बाहेर आला. आखाजीपासून तो दिवसातून दोनदा साबण लावून आंघोळ करत होता आणि वर पावडर थापत होता. तरी शेवंताबाईने नाक उडवलं आणि सुनेला सांगितलं, त्याला म्हणावं, साबण वाया घालवू नको, तो वास असा जायचा नाही. कुंदन आल्या पावली परत न्हाणीत गेला.

"तठे पहिले काय शिकाडशी?" सासूने विचारलं.

"पहिल्या वर्षाला गांडूळ असतं."

"मंग शनवारले येशी तव्हय गांडूळ वाची दाखाड. पुढली आखाजीले कामले येई."

"पण आत्याबाई, आखाजीला मी तर तुमच्या समोरच्या काठावर असणार."

"म्हनीसनच तं सांगस," शेवंताबाई म्हणाली आणि दुसरा डोळा पुढे केला.